कार्टची बॉडी बसवली की पुन्हा वाकडी: दोष प्लास्टिकात नाही, बारमध्ये शोधा

सेशन संपलं, कार्ट (छोटी रेसिंग गाडी) स्टँडवर चढवली, समोरून पाहिलं तर नोज, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं नाक, पुन्हा एका बाजूला उतरलेलं. बोल्ट ढिले करून नोज ओढून सरळ केलं आणि बोल्ट गच्च आवळले, तरी पुढच्या सेशननंतर परत तेच. साइडपॉडचंही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं बाजूचं प्लास्टिक) तसंच. सकाळी टायरच्या रेषेच्या आत असतो, दुपारी बाहेर डोकावतो. ही तक्रार वारंवार येते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: बॉडी बसवताना नजर प्लास्टिकवर होती, ते ज्यांवर बसतं त्या बारांवर (नळ्यांवर) नव्हती. खालचे बार वाकलेले असतात आणि वरचं प्लास्टिक ओढूनताणून सरळ दिसेल असं आवळलेलं असतं. आजच्या बहुतेक बॉडी पॉलिइथिलिनच्या असतात आणि हे प्लास्टिक ताण फार वेळ धरून ठेवत नाही. ऊन, कर्बचे (वळणाच्या कडेच्या उंचवट्यांचे) धक्के आणि इंजिनाची थरथर मिळाली की ते ताण सोडतं आणि बार नेईल तिकडे जातं. म्हणून वरून कितीही आवळलं तरी फरक पडत नाही.

काम या क्रमानेच करा: आधी चॅसिस (कार्टची नळ्यांची मूळ चौकट), मग बार, शेवटी प्लास्टिक. खाली दिलेली मापं सीआयके-एफआयएच्या, म्हणजे कार्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, नियमांतली आहेत. तुमच्या शर्यतींच्या मालिकेचं नियमपुस्तक वेगळं असेल तर त्यातला आकडा धरा, पद्धत तीच राहील.

मोजायला सुरुवात कुठून करायची

बॉडीला हात लावण्याआधी मागचा ट्रॅक, पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर), राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासूनची उंची) आणि टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली ते) ठरलेले हवेत. चारही टायरमध्ये शर्यतीला ठेवता तेवढीच हवा भरा, डावी-उजवीकडे काटेकोर सारखी. जमीन सपाट आहे की नाही ते स्पिरिट लेव्हलने चारही चाकांखाली तपासा. गॅरेजच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण बॉडीच्या मापात उतरतो.

ट्रॅक आधी ठरवण्याला ठोस कारण आहे. साइडपॉडची बाहेरची बाजू पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर जाता कामा नये, आणि त्या रेषेपासून ४० मिमीपेक्षा जास्त आतही नको. समजा मागचा ट्रॅक १४०० वरून १३८० मिमी केला. प्रत्येक बाजूचं चाक १० मिमी आत गेलं. पॉडचं मागचं टोक पुढच्या चाकापासून साधारण पाऊण अंतरावर येतं, म्हणजे तिथे ही रेषा सात-आठ मिमी आत सरकली. काल पाच मिमी आत असलेला पॉड आज दोन-तीन मिमी बाहेर आहे आणि कुणी त्याला बोटही लावलेलं नाही. ‘पॉड आपोआप बाहेर येतो’ अशी तक्रार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: मधल्या वेळात हब (चाकं ज्यांवर बसतात ते भाग) हलवले होते का?

पावसाळी सेटअपमध्ये मागचा ट्रॅक कमी करून पुढचा वाढवतात, त्यामुळे हा फरक आणखी वाढतो. ओल्या शर्यतीसाठी नियमात म्हणूनच वेगळी सोय आहे: पॉड मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपलीकडे जाऊ नये, एवढंच तिथे बघतात.

बार: वेळ घालवायचा तो इथे

सगळं प्लास्टिक उतरवा. नोज, दोन्ही पॉड, पुढचं पॅनेल (स्टीअरिंगच्या पुढची उभी पाटी), मागचा बंपर, सगळं. नुसते बार समोर असले की निम्मे दोष नुसत्या नजरेला दिसतात.

पहिलं माप खुद्द चॅसिसचं. डाव्या किंगपिनच्या (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) सी-ब्रॅकेटच्या वेल्डपासून उजव्या बेअरिंग कॅरियरपर्यंत (मागचा अ‍ॅक्सल धरणारा भाग) एक कर्ण मोजा, मग उलटा दुसरा. कॅस्टर-कॅम्बर (पुढच्या चाकांचा कल) बदलणाऱ्या एक्सेंट्रिकमुळे किंगपिनचा बोल्ट थोडा सरकलेला असू शकतो, म्हणून माप बोल्टपासून न घेता फ्रेमच्या वेल्डपासून घ्या. दोन कर्णांत दोन मिमीचा फरक चालतो. चार-पाच मिमी निघाला तर थांबा. चॅसिस टेबलवर न्यायची वेळ झाली आहे आणि तोवर बॉडी सुतात आणण्याची खटपट वाया जाईल.

चॅसिस ठीक असेल तर पुढचा बंपर बार बघा. डाव्या बेअरिंग कॅरियरपासून बारच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत, उजव्यापासून उजव्यापर्यंत, आणि मग दोन्ही कर्ण. स्टीलची टेप दोघांनी धरून घ्या, कापडी नको. या चार आकड्यांवरून दोष ओळखता येतो. सरळ मापं सारखी पण कर्ण वेगळे, तर बार बाजूला ढकलला गेला आहे. सरळ मापंच वेगळी, तर एक कोपरा मागे दबला आहे. हीच मापं वरच्या आणि खालच्या बारसाठी वेगवेगळी घ्या. समोरून धक्का बसला की बरेचदा एकच बार मागे जातो, दुसरा जागेवर राहतो. दोन बारांतलं हे अंतर बिघडलं की नोज कधीच नीट धरत नाही. त्याबद्दल पुढे येतंच.

उंचीसाठी जमिनीवर अवलंबून राहू नका. चॅसिसच्या दोन मुख्य नळ्यांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा, त्यावर लेव्हल ठेवून बुडबुडा कुठे आहे ते बघा. मग तीच लेव्हल बंपर बारवर ठेवा. बुडबुडा त्याच जागी आला पाहिजे. कार्ट स्टँडवर तिरकी असली तरी ही तुलना चुकत नाही.

साइडबार चॅसिसच्या नळ्यांत खोचलेले असतात. त्यांचा बोल्ट काढा आणि बार हाताने बाहेर ओढा. थोडा घट्ट असणं ठीक, पण हातोडीचे ठोके मारल्याशिवाय तो निघत नसेल तर बार वाकलेला आहे आणि बसल्या जागी चॅसिसला ओढतो आहे. काढलेला बार काचेवर किंवा सर्फेस प्लेटवर (तंतोतंत सपाट पाटावर) आडवा ठेवून एका टोकावर बोट दाबा. दुसरं टोक टकटक करत उचललं गेलं तर त्याला पीळ पडला आहे. डावा-उजवा बार पेंटने खुणावूनच काढा. दिसायला ते सारखे असतात, पण वापरून वापरून आपापल्या बाजूला रुळलेले असतात.

वाकलेला पुढचा बार सरळ करताना चॅसिस स्टँडवरून उतरवून जमिनीवर पक्की धरा आणि बारवर लांब पाइप चढवून थोडं थोडं वाकवा. बार स्प्रिंगसारखा परत येतो, म्हणून दर वेळी हात सोडून मग मोजा. तापवू नका. बाकाच्या जागी क्रोमवर केसाएवढ्या रेघा दिसल्या, किंवा वेल्डच्या कडेला गंजाची बारीक तांबडी रेष दिसली, तर तो भाग सरळ करण्याच्या पलीकडे गेला आहे. साइडबार सुटा असतो, तो थेट बदला. पुढच्या बाराचा आधार फ्रेमला वेल्ड केलेला असतो, तिथे तडा असेल तर जाणकार वेल्डरचंच काम.

नोज: धडक न होताच उतरतं तेव्हा

२०१५पासून सीआयके-एफआयएच्या शर्यतींत पुढचं फेअरिंग, म्हणजेच नोज, ठरलेल्या माउंटिंग किटनेच बसवावं लागतं: प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट आणि धातूचे दोन क्लॅम्प. धक्का बसला की नोज बारांवरून मागे सरकावं हाच त्याचा हेतू आहे. पुढच्याला ढकलून वाट काढणाऱ्याला आळा बसावा म्हणून ही रचना आली. शर्यतीनंतर नोज जागेवर नसेल तर ५ सेकंदांचा दंड होतो आणि तो निकाल उलटा करायला पुरेसा असतो. नोज योग्य जागी असताना बंपर बारच्या नळ्या आणि फेअरिंग यांच्यात किमान २७ मिमी फट राहिली पाहिजे. त्या मापाचा लाकडी ठोकळा कापून टूलबॉक्समध्ये ठेवा. दर वेळी टेप शोधण्यापेक्षा ठोकळा फिरवून बघणं सोपं.

कुणाला न धडकताही नोज उतरत असेल, तर कागदाची चाचणी करा. वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद चार पट्ट्या कापा. प्रत्येक ब्रॅकेट वरच्या आणि खालच्या नळीला टेकतो, म्हणजे टेकायच्या जागा चार. प्रत्येक जागी एक पट्टी ठेवून क्लॅम्प लावा आणि पट्ट्या एकेक करून हलकेच ओढा. चारही अडकल्या पाहिजेत. एखादी सळसळत बाहेर आली तर तिथे ब्रॅकेट टेकतच नाही. नोज तीन पायांवर उभं आहे आणि पहिल्याच कर्बला ते चौथ्या बाजूला कलणार. सुटलेली पट्टी वरची असेल तर वरचा बार मागे गेलेला असतो किंवा खालचा पुढे आलेला. दोन्ही पट्ट्या एकाच बाजूच्या सुटत असतील तर त्या बाजूचा पूर्ण कोपरा दबलाय, किंवा तिथला ब्रॅकेट झिजलाय. ब्रॅकेट डावा-उजवा अदलून चाचणी पुन्हा करा. दोष ब्रॅकेटबरोबर सरकला तर ब्रॅकेट बदला, जागेवरच राहिला तर बार सरळ करा.

चारही पट्ट्या धरत असूनही नोज उतरतंय, तर नळ्या पुसा. चेन ल्यूबचे शिंतोडे आणि सायलिकॉन पॉलिश यांचा हात लावूनही न कळणारा थर तिथे बसतो. ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: नळ्या सँडपेपरने खरवडणं, त्यावर टेप किंवा रबर गुंडाळणं, किंवा घर्षण वाढवणारं काहीही लावणं. नियमात हे स्पष्टपणे बंद आहे आणि तपासणीत बोट फिरवलं की कळतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की न सरकणारं नोज म्हणजे पुढच्या ड्रायव्हरच्या मागच्या चाकात थेट घुसणारी वस्तू. पाच सेकंद वाचवण्यासाठी हा धोका कुणीही पत्करू नये.

क्लॅम्पची ओढ दोन्हीकडे सारखी हवी. हाताने खटका बसवताना एका बाजूला अंगठ्याचा जोर पुरतो आणि दुसरीकडे तळहात टेकवावा लागतो, असं होत असेल तर घट्ट बाजूकडे नोज ओढलं जातं. नोज बसवून झाल्यावर त्याची वरची कड पुढच्या टायरच्या माथ्यापेक्षा वर जात नाही ना ते टायरवर सरळ पट्टी टाकून बघा. हे झिजलेल्या टायरवर बघा, नव्या टायरवर नाही.

साइडपॉड

ड्रायव्हर पूर्ण पोशाखात सीटवर, पुढची चाकं सरळ. दोरी मागच्या टायरच्या बाहेरच्या फुगीर भागापासून पुढच्या टायरच्या तशाच भागापर्यंत ताणा. दोरीपासून पॉडचं अंतर पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी घ्या. पुढचा ट्रॅक मागच्यापेक्षा अरुंद असल्याने दोरी कार्टच्या मध्यरेषेला समांतर नसते, पण दोन्ही बाजूंना तिचा तिरकेपणा सारखाच हवा. तो सारखा नसेल तर हब मध्यापासून सारख्या अंतरावर नाहीत. तिथे पॉड सरकवून उपयोग नाही.

लांबीच्या दिशेने: पुढच्या चाकापासून पॉडची फट जास्तीत जास्त १५० मिमी, मागच्या चाकापासून जास्तीत जास्त ६० मिमी. मागची फट उगाच कमी करू नका. मागचं टायर घासण्याची तक्रार बहुधा अशी येते की ‘सरळ असताना घासत नाही, वळणात घासतं’. वळणात चॅसिस पिळते, टायरची बाजू लवते आणि पॉडचं मागचं टोक बारच्या मागे झुलत असतं. त्या टोकाला हाताने टायरकडे ढकलून बघा. टेकलं तर शर्यतीतही टेकतंच. फट २५-३० मिमी ठेवली की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो.

जमिनीपासून उंची २५ ते ६० मिमी. ड्रायव्हर बसला की चॅसिस काही मिमी खाली येते, म्हणून रिकाम्या कार्टवर २७ मिमी मोजून समाधान मानू नका. पॉडचा तळ कर्बवर घासून पातळ झालेला असेल तर काठावरची धारही तपासा. नखाला टोचेल अशी कड कानसने घासून गोल करा.

इंजिनाच्या बाजूचा पॉड आत चेपला जात असेल आणि बार सरळ असेल, तर एग्झॉस्टकडे बघा. उष्णतेने मऊ झालेलं प्लास्टिक बोल्टच्या ओढीने आत येतं आणि थंड झालं की त्याच आकारात कडक होतं. असा पॉड पुन्हा सरळ बसत नाही.

मागचा बंपर आणि पुढचं पॅनेल

मागच्या बंपरचं माप साधं आहे: चाकांच्या आणि त्याच्या पुढच्या पृष्ठभागामधली फट १५ ते ५० मिमी, रुंदी किमान १३४० मिमी. फट २५-३० मिमी ठेवा. मागून धक्का बसला की आधाराच्या नळ्या पुढे वाकतात आणि फट एका बाजूने कमी होते. पंधरा मिमी अगदी काठावर धरून ठेवलेली असेल तर पहिल्याच धक्क्यात नियमाबाहेर जाल. राइड हाइट बदलण्यासाठी बेअरिंग कॅसेट (मागच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग धरणारा भाग) वर-खाली केली की बंपर चॅसिसबरोबर हलतो आणि चाकं जागेवर राहतात. अशा प्रत्येक बदलानंतर बंपरची जमिनीपासूनची उंची पुन्हा मोजा. आधाराचे बोल्ट दोन्हीकडे सारखे आवळा. तिथली घट्टाई मागच्या भागाच्या लवचिकतेवर परिणाम करते आणि असमान असली तर एका बाजूच्या वळणात कार्ट वेगळी वागते.

पॅनेलची रुंदी २५० ते ३०० मिमी, स्टीअरिंग व्हीलपासून फट किमान ५० मिमी, आणि वरची कड व्हीलच्या माथ्यापेक्षा खाली. ही फट चाकं सरळ ठेवून मोजतात आणि तिथेच चूक होते. व्हील डावीकडे पूर्ण फिरवा, मोजा, उजवीकडे पूर्ण फिरवा, मोजा. मापं बदलत असतील तर पॅनेल निर्दोष आहे, स्टीअरिंगचा कॉलम किंवा स्टीअरिंगचा हब वाकलेला आहे. पॅनेल मध्यावर दिसत नसेल तर वरच्या आधाराच्या पट्टीऐवजी कॉलमचा सपोर्ट आधी तपासा. आणि पायांची हालचाल बघायला विसरू नका. ब्रेक पूर्ण दाबताना बुटाचं टोक पॅनेलच्या खालच्या कडेला लागत असेल तर पॅनेल वर घ्या. तो धोका वाट बघण्यासारखा नाही.

भोकं, बोल्ट आणि ऊन

पॉलिइथिलिन उष्णतेने बरंच वाढतं. तापमान ३० अंशांनी चढलं तर एक मीटर लांबीला तीन ते सहा मिमी. सकाळी थंडीत चारही बोल्ट गच्च आवळलेला पॉड दुपारी फुगण्याशिवाय करणार काय? म्हणून एक भोक नेमकं ठेवा, एम ६ बोल्टसाठी ६.५ मिमी, आणि बाकीची लांबीच्या दिशेने १० ते १२ मिमीची लांबट करा. लांबट भोकाची टोकं गोल कानसने गुळगुळीत करा, चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. नट नायलॉकच, आणि तो एकदा काढला की नवा. डोक्याखाली २५ मिमीचा रुंद वॉशर, प्लास्टिकच्या बाजूला नायलॉन किंवा रबराचा. प्लास्टिक वॉशरखाली दबायला लागेपर्यंत आवळा आणि मग पाव फेरा मागे घ्या.

वाकड्या बारशी जुळवून घेण्यासाठी प्लास्टिकला नवं भोक पाडू नका. नंतर बार सरळ केला की ते भोक चुकीच्या जागी राहतं, पॉड आणखी कमकुवत होतो आणि पुढची दुरुस्ती दुप्पट होते.

सगळं बसलं की एक शेवटची तपासणी करा. तिला अर्धा तास लागतो. कार्ट चार वजनकाट्यांवर ठेवा, प्रत्येक चाकाखाली एक, ड्रायव्हर सीटवर. साइडबार आणि मागच्या बंपरचे बोल्ट ढिले असताना क्रॉस वेट (कर्णावरच्या दोन चाकांवर एकूण वजनाच्या किती टक्के भार आहे ते) लिहा. मग एकेक बार आवळत जा आणि प्रत्येक वेळी कार्ट उचलून हलकेच परत ठेवून आकडा घ्या, नाहीतर टायर काट्यावर अडकून खोटं माप देतात. एखादा बार आवळल्यावर क्रॉस वेट अर्ध्या टक्क्याहून जास्त हलला तर तोच बार चॅसिसला ओढतोय. तो काढून सर्फेस प्लेटवर पुन्हा बघा.

मापं पटली की पेंट पेनने बारवर क्लॅम्पच्या दोन्ही कडांना आणि प्रत्येक नटावर एक रेघ ओढा. सेशननंतर रेघेकडे बघायला दहा सेकंद लागतात: नटावरची तुटली असेल तर बोल्ट ढिला झालाय, बारवरची सरकली असेल तर क्लॅम्प घसरलाय, आणि दोन्ही जागेवर असूनही बॉडी वाकडी दिसत असेल तर प्लास्टिक उतरवून टेप हातात घ्या.